थंडीतही आत राहणारे स्तनाग्र

प्रिय सिद्धी,

थंडीत स्तनाग्र बाहेर येते. मग आपल्या दोघींचे लहानपणापासून आतच का, हे कोडे तुलाही पडले असेल. डॉक्टर भाग्यलक्ष्मींनी ते सोडवले: आपल्या दूधनलिका आखूड आहेत, त्या त्याला आत ओढून धरतात.

गुरुवारी माझी शस्त्रक्रिया झाली. तेवढीच जागा बधिर केली. "स्वल्प टोचेल, अक्का," त्या म्हणाल्या, आणि खरोखर तेवढेच टोचले. तासाभरात टाके घालून झाले, संध्याकाळी मी घरी. थोडी सूज आहे, पण पंचवीस वर्षांनी आरशासमोर निवांत उभी राहिले.

तू विचारले होतेस, "अक्का, नंतर बाळाला पाजता येईल ना गं?" मी नलिका कापू दिल्या, कारण मला मूल नको आहे. कापल्यावर पाजता येईलच, याची खात्री नाही. म्हणून तू शस्त्रक्रियेसाठी घेतलेली पुढच्या महिन्याची तारीख आधी थांबव.

तुझा फोन सासरी सगळेच हाताळतात, म्हणून हे पाठवत नाही; रविवारी होसकोट्याला तुझ्याकडे येऊन वाचून दाखवीन. मग दार लावून एवढे कर: अंगठा आणि तर्जनी गडद वर्तुळाच्या कडेवर ठेवून हलकेच दाब. स्तनाग्र बाहेर येऊन तिथेच थांबले, तर शस्त्रक्रियेवाचूनही पाजता येण्याची बरीच आशा आहे.

तुझी,
भार्गवी अक्का