आपोआप लागलेला फोन

माय, मी फसले. मागच्या दिवाळीच्या आधी गेवराईत एक स्वस्तातला फोन घेतला आणि तो असा निघाला की तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तू जन्मभर चकलांब्याच्या बाजारात बसून बांगड्या भरल्यास. डझनभर बांगड्या हातात घेऊन एकदा खुळखुळवल्यास की त्यातली पिचलेली कोणती, ते तुला आवाजावरून कळायचं. तेवढीच नेमकी बाजूला काढायचीस. मी तुझ्या शेजारी पोत्यावर बसून मोठी झाले, पण फोन घेताना मला काही खुळखुळवता आलं नाही. दुकानदार म्हणाला, "मॅडम, डोळे झाकून घ्या," आणि मी खरोखरच डोळे झाकून घेतला.

दिसायला देखणा आहे मेला, मोराच्या गळ्यासारखा निळा. पहिले पंधरा दिवस गुणानं वागला. मग सकाळी पोटभर चार्ज करावा, तर मेथीची जुडी निवडून होईपर्यंत अर्ध्यावर. फोटो काढायला जावं, तर समोरचं माणूस हसून हसून थकतं आणि याचं आपलं गोल गोल फिरणं चालूच. तेवढं मी सोसलं असतं. पण उन्हाळा लागला तसं त्याला नवं खूळ लागलं. माझं बोट न लागता तो स्वतःच स्वतःला दाबायला लागला. आपोआप चित्रं उघडायची, आपोआप अक्षरं उमटायची, आणि त्याच्या मनाला येईल त्याला फोन लागायचा.

मी अजून त्याच वाचनालयात आहे, तू असताना लागले होते तिथंच. तिथं एक बोका येतो आणि बरोबर त्या दिवसाच्या वर्तमानपत्रावर झोपतो. एका दुपारी मी त्याच्यावर ओरडत होते, "ऊठ मेल्या! खाऊन खाऊन ढेरी सुटली, कामाच्या नावानं शून्य, बघावं तेव्हा लोळतोय!" तेवढ्यात टेबलावरून बारीक आवाज आला, "ताई, मी आत्ताच पडलो होतो जरा." आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष! त्यांना फोन लागलेला होता. मी बोक्याचं सांगितलं, पण दुसऱ्या दिवशी साहेब दहाच्या ठोक्याला हजर झाले आणि चार वर्षं पडून असलेली पुस्तकांची यादी तपासायला बसले. माय, मी रॅकच्या मागं जाऊन तोंडात पदर कोंबून हसले.

मग फोन घेऊन बसस्टँडजवळच्या भाईंकडे गेले. त्यांच्या वडिलांचं त्याच जागी घड्याळ दुरुस्तीचं टेबल होतं, तुला आठवेल. भाईंनी डोळ्याला भिंग लावलं, फोन उघडला आणि म्हणाले, "ताई, ह्याच्यात काय भूतबित न्हाई. काच तापली का ह्याला वाटतं, कुनीतरी हात लावला."

"मग नीट करून द्या की."

"देतो. पन भरवसा मागू नका. सस्त्यात आला ना, मस्तीत राहनारच."

मी नीट करून घेतला. आठ दिवस शहाण्यासारखा राहिला, मग पुन्हा तेच. मला त्याचा राग येत होता तो बिघाडापेक्षा फसवणुकीचा. आपण विश्वास ठेवला आणि समोरच्यानं आतली चीर झाकून ठेवली, हे सलतं. तुझ्याकडूनच आलंय ते. मी दहा वर्षांची असताना एकदा बाजारात तू पाणी प्यायला उठलीस आणि मी एका बाईच्या हातात बांगड्या भरल्या. त्यातली एक पिचलेली होती. मला कळलं होतं, पण काढली नाही. तू आलीस, उरलेल्या बांगड्या खुळखुळवल्यास, पिचलेली त्यात नाही म्हणताच तुला सगळं उमगलं आणि तू मला नवी बांगडी देऊन त्या बाईच्या मागं पार वेशीपर्यंत पळवलंस. परत आले तर म्हणालीस, "बांगडी कुनाची बी पिचती. पन तुला म्हाईत हुतं. त्या बाईनं तुझ्या हातात हात दिलता गं." मारलं नाहीस. मारलं असतंस तर बरं झालं असतं.

आता खरं सांगायचं ते. वैशाखातली सकाळ. मी भाकरी थापतेय. फोन ओट्यावर, भिंतीला टेकवलेला. मी स्वतःशीच काहीतरी गुणगुणतेय आणि अचानक आवाज येतो, "हालो. कोन हाय?"

अक्का होती, माय. तुझी थोरली. धर्मापुरीहून.

तुझ्या दहाव्यानंतर आम्ही बोललो नाही. बारा वर्षं. तुला माहीत असेल किंवा नसेल, म्हणून सांगते. दहाव्याला तिनं सगळ्यांच्या देखत मला विचारलं होतं, "माय इतकी आजारी, आन मला कावून कळवलं न्हाई?" मी म्हणाले, फोन लागत नव्हता. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं, पिशवी उचलली आणि गेली. नंतर लग्नाकार्यात आम्ही दोन वेगळ्या पंगतींना बसायचो. वाढणारेसुद्धा सांभाळून वाढायचे.

पिठाचे हात तसेच हवेत धरून मी म्हणाले, "मी न्हाई लावला. आपोआप लागलाय. फोन खराब हाय माझा."

"बरं. मंग ठिव."

मी ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"काय करायलीस?" ती म्हणाली.

"भाकरी."

"पीठ अजून सैलच भिजवत असशील."

"न्हाई काही."

"करपायली बघ. हितवर वास आला." आणि तिनं ठेवून दिला.

मी तिथंच ओट्याला टेकून उभी राहिले. करपलेली भाकरी मीच खाल्ली आणि माय, ती लई गोड लागली. चार दिवसांनी पुन्हा फोन "आपोआप" लागला. मग आणखी तीन दिवसांनी. त्यातला कोणता त्यानं लावला आणि कोणता मी, हे तुला कशाला सांगू. तू आवाजावरून ओळखशील. अक्का दर वेळी आधी फटकारायची, "फेकून दी की तो डब्बा," आणि मग अर्धा तास सोडायची नाही. सुनेच्या हातचं वरण, म्हशीचा आटलेला पान्हा, गुडघे, शेजारणीची खोड मोडल्याची हकीकत.

आणि एके दिवशी माझा फोन वाजला. पडद्यावर तिचं नाव.

"अक्का?"

"मी न्हाई लावला बाई," ती घाईनं म्हणाली. "माझा बी आपोआप लागला."

अक्काकडं अजून बटणांचा फोन आहे. एक बटण दाबायला अंगठ्याचं सगळं बळ लागतं. मला इतकं हसू आलं की मी खाली बसले. तिकडं ती, "दात काढू नकोस, खरं सांगायले," म्हणत स्वतःच हसत सुटली. आपल्या घरात दोघी एका गोधडीत हसायचो आणि तू चुलीपुढून ओरडायचीस, तसं.

आषाढात मी माजलगावला गाडी बदलून धर्मापुरीला गेले. देवळामागच्या गल्लीत अक्का दारातच उभी होती. केस पांढरे झालेत तिचे, आणि चालते हुबेहूब तुझ्यासारखी, डावा पाय जरा ओढत. तिनं माझ्यापुढं भुईमुगाच्या शेंगांचं सूप सरकवलं आणि स्वतःही फोडायला बसली. फोडता फोडता, वर न बघता म्हणाली, "त्या दिवशी खरंच लागत न्हवता का गं फोन?"

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. इतक्या दिवसांनी जे मिळालं होतं, ते तसंच हातात राहिलं असतं.

"लागत होता," मी म्हणाले. "मी लावलाच नाही."

तिनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. दुसरी फोडली. मग म्हणाली, "मला तवाच कळलं हुतं. तुझा तो जुना फोन खाली आपटला तरी बंद पडत न्हवता."

"मग बारा वर्षं कावून गप बसलीस?"

"तू कवा सांगतीस ते बघत हुते." आणि मुठीतली टरफलं माझ्या डोक्यावर टाकून ती रडायला आणि हसायला एकदमच लागली. "तुझ्यापरीस ह्यो डब्बा शाना निघाला बघ!" सून आतून धावत आली. तिला वाटलं, काय झालं म्हाताऱ्यांना. बारा वर्षांच्या रागानं अक्कानं मला तीन भाकरी खायला लावल्या आणि निघताना शेंगांची पिशवी इतकी जड भरली की कंडक्टरनं विचारलं, आत काय दगड आहेत का.

गाडीत बसायच्या आधी तिनं विचारलं होतं, "पन कावून न्हाई लावलास?" मी म्हणाले, घाबरले होते. तिला पटलं. खरं ते नव्हतं, माय.

सणासुदीला तू आधी अक्काचे हात भरायचीस, थोरली म्हणून. माझी पाळी आली की गिऱ्हाईक यायचं आणि तू म्हणायचीस, थांब गं जरा. तुझ्या शेवटच्या आजारपणात, त्या दिवशी सकाळी तू मला सांगितलंस, अक्काला बोलव. दुपारी ताप उतरला, तू उठून बसलीस, बांगड्यांचा डबा मागितलास आणि माझ्या दोन्ही हातांत सावकाश बांगड्या भरायला लागलीस. मध्येच विचारलंस, "लागला का गं फोन?" तो माझ्या मांडीवरच होता. मी म्हणाले, "लागत न्हाई, माय." तू म्हणालीस, "मंग लाव नंतर," आणि पुढची बांगडी उचललीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू जाशील, असं माझ्या मनातही नव्हतं. अक्काची भेट मी बुडवली. ते माझ्याकडून झालं आणि ते तसंच राहील. हे पत्र कुणाला पाठवायचं असतं तर पुढचं वाक्य मी खोडून टाकलं असतं. पाठवायचं नाही, म्हणून राहू देते. ती दुपार मला परत मिळाली, तर मी अक्काला फोन लावीन, माय. पण दुसऱ्या हाताच्या बांगड्या भरून झाल्यावर.