कडेला सरकलेला उजेड

राजेंद्र नगर, इंदूर
२२ एप्रिल १९७३

ती. कौसल्याआत्येस,
आनंदीचा सादर जयभीम. वि. वि.

तीन महिने पत्र नाही म्हणून तू बाबांकडे माझी तक्रार केलीस, ती पोचली. चूक कबूल. पण मी जे बघते आहे ते बाबांना सांगायला गेले, तर ते म्हणाले की हे कौसल्येला लिही, पस्तीस वर्षं नर्स होती, तिला कळेल. तेव्हा आता ऐक.

मी ज्यांच्या हाताखाली काम करते त्या दिवाकर सरांचं काम उंदरांवर आहे. निम्म्या उंदरांना पोटभर दाणा, निम्म्यांना अर्धपोटी. उपाशी जिवाला आजार लवकर का धरतात, ते सरांना शोधायचं आहे. त्यासाठी उंदराच्या प्लीहेतल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या, ज्या रोगाशी लढतात त्या. पंचाईत अशी की सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या सारख्याच गोल दिसतात. कोण कुठल्या कामाची, ते चेहऱ्यावरून कळत नाही. मग सशाच्या रक्तातून काढलेली एक अँटिबॉडी वापरायची. ती एकाच जातीच्या पेशीला जाऊन चिकटते, बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नाही. तिला एक रंग जोडलेला असतो, तो जांभळ्या दिव्याखाली हिरवा पेटतो.

आत्या, मी पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा आधी नुसता काळोख होता. मग एक हिरवं कडं दिसलं, बांगडीसारखं, पूर्ण गोल. मग दुसरं. मग जिकडे बघावं तिकडे कडी.  मग सरांनी त्याच उंदराच्या थायमसच्या पेशी ठेवल्या, ती छातीतली एक ग्रंथी असते. तिथे शेकडो पेशी होत्या आणि एकही पेटली नाही. म्हणजे एवढ्या गर्दीत ती अँटिबॉडी आपलं माणूस बरोबर ओळखते. तेव्हापासून मी जेवताना, बसमध्ये, कुठेही असले तरी तीच कडी डोळ्यांपुढे येतात.

अँटिबॉडीची कुपी करंगळीच्या पेराएवढी आहे. दिल्लीहून विमानाने आली आणि तीच जुलैपर्यंत पुरवायची. सरांचा एकच कडक नियम: पेशी पहिल्यापासून शेवटपर्यंत बर्फात. सकाळी नऊला बर्फवाला गोणपाटात गुंडाळलेली लादी आणतो. उंदीर सांभाळणाऱ्या सखुबाई ती फोडून आमची लाकडी पेटी भरतात. त्या हातोदच्या, फार मायाळू, प्रत्येक पिंजऱ्याशी बोलतात.

बाबांचा गुडघा बरा आहे. तुझा लोभ आहे तेवढाच राहू दे, ओरडा मात्र निम्मा कर.

तुझी,
आनंदी

नागपूर
३० एप्रिल १९७३

चि. आनंदीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पांढऱ्या पेशींचे आकडे मी रिपोर्टांत हजारदा पाहिले. वाढले की डॉक्टरांना सांगायचं, एवढंच. त्यांच्यात कामं वाटून दिलेली असतात हे मला कुणीच सांगितलं नाही. या वयात कळलं, तेही भाचीकडून.

बसमध्ये कडी बघत बसू नकोस, उतरायचं ठिकाण चुकेल. उन्हात डोक्यावर पदर नाही तर छत्री. दादाला म्हणावं, गुडघ्याला तेल लावायचं असतं, नुसतं कपाटात ठेवायचं नसतं.

माझी माया कमी होणार नाही, ओरडाही नाही.

कौसल्याआत्या

राजेंद्र नगर, इंदूर
१९ मे १९७३

ती. आत्येस,
सादर जयभीम. वि. वि.

वाईट बातमी आहे. इथे पारा त्रेचाळीसवर गेला आहे. बुधवारी मी नेहमीप्रमाणे डोळा लावला, तर एकही कडं नाही. उजेड होता, पण प्रत्येक पेशीचा सगळा उजेड एका कडेला गोळा झालेला. नखासारखी हिरवी कोर, बाकीची पेशी काळी. मला वाटलं माझा हात चुकला. गुरुवारी तेच. शुक्रवारीही तेच.

सरांनी बराच वेळ बघितलं. मग शांतपणे म्हणाले की कुपी उन्हाने खराब झाली, आणि कधीपासून खराब आहे ते कळत नसेल, तर चार महिन्यांतल्या मोजणीवरही भरवसा ठेवता येणार नाही. कुपी त्यांनी कुलपात ठेवली. काम बंद करतो असं दिल्लीला लिहिणार आहेत. कॉलेजचे मोठे साहेब पाच जूनला गावाहून परततील, त्यांची सही झाली की पत्र जाईल. मग मला पहिल्या वर्षाच्या मुलांना बेडूक कापायला शिकवायचं. दुसरी कुपी मिळणार नाही, हे सरांनी स्पष्ट सांगितलं.

रागावले असते तर बरं वाटलं असतं. घरी येऊन खूप रडले. बाबा चहा ठेवून गेले. आत्या, मला बेडूक शिकवायचे नाहीत. मला ती कडी हवी आहेत.

मनात असू दे.

आनंदी

नागपूर
२४ मे १९७३

चि. आनंदीस अनेक आशीर्वाद.

रडून झालं असेल तर पुढचं वाच.

वॉर्डात एखाद्याचा ताप अचानक चढला, की आम्ही आधी औषधाची बाटली फेकून देत नसू. आधी चार्ट बघायचा. सकाळपासून कोण आलं, काय खाल्लं, खिडकी कुणी उघडली. तू त्या तीन दिवसांचा तासातासाने चार्ट कर. जे रोज होतं तेही लिही, कारण नेमकं तेच आपण बघत नाही. आणि प्रत्येक ओळीपुढे विचार की हे मी डोळ्यांनी पाहिलं, की झालं असणार असं धरून चालले.

आणखी एक. मला तुझ्या शास्त्रातलं काही कळत नाही. पण तू लिहितेस की तिन्ही दिवस प्रत्येक पेशीत उजेड एकाच कडेला, सारखाच. बिघडलेली वस्तू इतकी नेटकी बिघडत नाही. वरण नासलं तर सगळ्या वाट्यांत एकसारखी नक्षी उमटते का?

चार्ट झाला की कळव. मी टपालाची वाट बघते आहे.

आत्या

राजेंद्र नगर, इंदूर
२८ मे १९७३

ती. आत्येस,
सादर जयभीम. वि. वि.

चार्ट केला. चाळीस ओळी झाल्या. एकोणचाळीस मी पाहिलेल्या होत्या, आणि एक धरून चाललेली: साडेनऊ, पेटीत बर्फ, सखुबाई.

आमच्या पेटीच्या झाकणाला भोकं आहेत. त्यांतून नळ्या आत सोडायच्या आणि वरच्या काठाला धरून काढायच्या. त्यामुळे हाताला गार-गरम कळत नाही. आणि झाकण मी उघडलंच नाही, तिन्ही दिवस. सखुबाईंनी भरलं म्हणजे भरलं. मी त्यांना विचारायला गेले, तर त्यांनी आधी दार लावलं आणि मग त्या रडायलाच लागल्या.

त्या आठवड्यात मंगळवारी दुपारी दोन उंदीर उन्हाने मेले. बाकीचे तोंड उघडून धापा टाकत होते, आया पिलांपासून लांब जाऊन पडल्या होत्या. सखुबाईंना बघवलं नाही. बुधवारपासून त्या लादी फोडून परातींत भरायच्या आणि पिंजऱ्यांखाली ठेवायच्या. आमच्या पेटीत मूठभर तुकडे टाकायच्या, त्यांचं तासाभरात पाणी होत असणार. त्यानंतर एकही उंदीर मेला नाही. पुढच्या आठवड्यात तेच उंदीर प्रयोगासाठी मारायचे असतात, हे त्यांना माहीत आहे. तरी त्यांनी ते केलं.

म्हणजे बिघाड कुपीत नसून बर्फ नसण्यात असेल. आता माझी अडचण. सखुबाई रोजंदारीवर आहेत, नवरा नाही. जुलैत कायम करण्याचा कागद निघायचा आहे. साहेबांना सांगू नका म्हणून त्यांनी माझे हात धरले. सांगितलं नाही तर काम बंद होतं. मी ठरवलं आहे की बर्फ भरायला मीच विसरले, असं सरांना सांगायचं. त्यात कुणाचं नुकसान नाही. बरोबर ना? पाच तारखेच्या आत उत्तर पाठव.

आनंदी

पोस्टकार्ड
नागपूर, १ जून १९७३

चि. आनंदीस आशीर्वाद.

बरोबर नाही. माझ्या वॉर्डात एका आयाने रोग्याला औषध दोन तास उशिरा दिलं. तिची नोकरी वाचावी म्हणून मी चार्टवर आठची वेळ लिहिली. डॉक्टरांनी माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून पुढचा डोस दिला. माणूस वाचला, पण जेमतेम. खोट्या वेळेवर पुढचा माणूस खरे उपचार करत जातो, हे मी तेव्हा शिकले.

पण सखुबाईंच्या पाठीमागे तूही सांगू नकोस. त्यांना घेऊन जा, त्यांचं त्यांना सांगू दे. आणि झाकण न उघडल्याचं तुझं आधी सांग.

आत्या

राजेंद्र नगर, इंदूर
८ जून १९७३

ती. आत्येस,
सादर जयभीम. वि. वि.

सोमवारी, चार तारखेला, तुझं कार्ड मिळालं. मंगळवारी सकाळीच आम्ही दोघी सरांच्या खोलीत गेलो. मी झाकणाचं सांगितलं. मग सखुबाई पुढे झाल्या. सरळ बोलल्या: “साहेब, चूहे मर रहे थे. मेरे से देखा नी गया.”

 सरांनी विचारलं की त्यानंतर किती मेले. एकही नाही, असं सखुबाई म्हणाल्या. सर म्हणाले की दर मे महिन्यात पंधरा-वीस मरतात आणि ते आपण हिशेबात धरूनच चालतो, पण दुपारी बाराला पिंजऱ्यांच्या खोलीत आपण स्वतः कधी गेलो नाही.

मग त्यांनी कुलूप काढलं. एकाच उंदराच्या पेशी, एकाच कुपीतला थेंब, दोन नळ्या. एक बर्फात, आणि या वेळी झाकण उघडून मी तीनदा पाहिलं. दुसरी सरांनी स्वतः मुठीत धरली. वीस मिनिटं आम्ही तिघं त्या मुठीकडे बघत बसलो. बर्फातली काचेवर घेतली, तर बांगड्या, पूर्ण गोल. मुठीतली घेतली, तर एका कडेला हिरव्या कोरी. कुपीला काहीही झालेलं नव्हतं.

पण खरं पुढेच आहे, आत्या. सर म्हणाले, ही बर्फातलीच काच आता इथेच गरम होऊ दे. दर दोन मिनिटांनी मी डोकावत होते. आधी कडं ठिपक्यांत तुटलं. मग ठिपके हलले. एक एक करून सगळे एका बाजूला निघाले आणि तिथे जाऊन जमले. कुणी ढकलत नव्हतं. पेशी स्वतःच्या अंगावरचा उजेड स्वतः सरकवत होती. थंडीत तिला हलता येत नव्हतं, ऊब मिळाली तशी ती कामाला लागली. चार महिने मी ती कडी मोजत होते, आणि ती जिवंत आहेत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. अजून येतो आहे.

सखुबाईंनीही बघितलं. पायातल्या चपला त्यांनी दाराशी काढल्या होत्या, का ते मी विचारलं नाही. जिंदा है क्या, एवढंच त्यांनी विचारलं. सर हो म्हणाले. त्यांनी पुन्हा डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

काल सरांनी ग्रंथालयात न उघडलेले अंक धुंडाळले. विलायतेतल्या लोकांनी हे दोन वर्षांपूर्वीच पाहून छापलं आहे. अंक आमच्याकडे सुतळीत बांधून पडला होता. मला अर्धा दिवस वाईट वाटलं. मग वाटलं, त्यांनी पाहिलं तेच मी इथे पाहिलं, म्हणजे ते खरंच आहे.

काम चालू राहणार. दिल्लीला लिहिलेलं पत्र सरांनी फाडलं. बर्फाच्या आता दोन लाद्या येतात, एक पेशींची, एक उंदरांची. सखुबाईंना लेखी ताकीद मिळाली, आणि त्याच दिवशी त्यांचा कायमचा कागद सरांनी आपल्या शिफारशीने पुढे पाठवला. जुलैत काय होतं बघू.

तू ये. तुला दाखवल्याशिवाय मला चैन नाही.

आनंदी

नागपूर
२० ऑगस्ट १९७३

चि. आनंदीस अनेक आशीर्वाद.

इंदूरहून सुखरूप पोचले. दादाने दिलेली शेव शेजाऱ्यांनी संपवली. सखुबाई कायम झाल्या हे ऐकून फार बरं वाटलं. त्यांना माझा जयभीम सांग.

त्या काळोख्या खोलीतून बाहेर आल्यावर मी काही बोलले नाही, तर आवडलं नाही का म्हणून तू विचारलंस. तेव्हा मला बोलता आलं नसतं. आता लिहिते.

सेहेचाळीस साली वॉर्डात भानुमती नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. टायफॉइड. तेव्हा त्यावर औषधच नव्हतं. डॉक्टरांनी आशा सोडली, आईला घरी तान्हं मूल होतं म्हणून तीही थांबू शकत नव्हती. एकविसाव्या दिवशी सकाळपासून मी तिच्याजवळ बसले. कपाळावर ओली घडी ठेवायची, चमच्याने पाणी पाजायचं, दुसरं माझ्याकडे काही नव्हतं. दुपारी तीनला तिला घाम फुटला आणि ताप उतरला. आजवर मी सगळ्यांना सांगत आले की भानुमतीला मी वाचवलं. तुलाही लहानपणी सांगितलं आहे.

तुझ्या काचेवर तो उजेड माझ्या डोळ्यांदेखत सरकला, तेव्हा मला ती खाट दिसली. एवढंएवढंसं ते पोर, आणि त्याच्या अंगात असे लाखो जीव, कुणी न सांगता, कुणी न बघता, आपापलं काम करत होते. मी घड्या बदलत होते तेव्हा ते चाललं होतं. मी पाणी पाजत होते ते त्यांनाही पोचत होतं. मला वाईट नाही वाटलं, आनंदी. उलट सत्तावीस वर्षांचं ओझं उतरलं, कारण जे वाचले नाहीत तेही मी एकटीच्याच खात्यावर धरून बसले होते.

त्या खाटेपाशी मी एकटी नव्हते. एवढंच तुला सांगायचं होतं.

आहेस तशीच राहा, झाकण उघडून बघत जा, आणि म्हातारीला लिहीत राहा.

तुझी,
कौसल्याआत्या