हलतं कुलूप

४ फेब्रुवारी, मंगळवार

कविता मिळाली. आठच ओळी. त्यावर पंधरा मिनिटं बोलायचं, कागद न बघता, परीक्षकांसमोर. पदवीचा हा शेवटचा पेपर. आधी दोनदा बसले, दोन्ही वेळा मधेच वाचा बसली. तिसरी संधी शेवटची, असा नियम आहे. या वेळी गप्प होणार नाही.

६ फेब्रुवारी

गाइड आणलं. कवितेत संध्याकाळ, खिडकीत दिवा, दाराला कुलूप. गाइड म्हणतं, दूर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी बाई. चार पानं आहेत. दोन पाठ झाली.

७ फेब्रुवारी

दुपारपर्यंत सगळं उडालं. आमच्या दुकानात किल्ल्या कापता कापता तेच म्हणत होते. मशीन थांबवलं आणि डोकंही थांबलं. बाबा स्टुलावरून ऐकत होते. म्हणाले, कुणी मारूनमुटकून उभी केल्यासारखी बोलतेस.

खरं आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

सापडलं!

दुरुस्त केलेलं कुलूप फळीवरच्या कडीला अडकवलं. हात काढला तरी ते हलत राहिलं. बघतच बसले. कवितेची शेवटची ओळ — 'कुलूप अजून हलतं आहे.' बावीस वर्षं कुलुपांत काढली आणि हे दिसलं नाही!

कुलूप बाहेरून आहे. मग बाई आत बसून वाट कशी बघेल? आणि हलतंय, म्हणजे हात आत्ताच निघालाय. ती कुणाची वाट बघत नाहीये. ती गेलीय. दिवा मुद्दाम लावून गेलीय, म्हणजे लांबून बघणाऱ्याला वाटावं, आहे घरात.

गाइड रद्दीत.

११ फेब्रुवारी

शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं. म्हणाल्या, वाचन उत्तम आहे, पण ते गाइड ज्यांनी लिहिलंय तेच परीक्षक आहेत. विचार कर.

केला. हेच बोलणार.

१४ फेब्रुवारी

रोज दुकान उघडायच्या आधी सराव. समोर टांगलेली साठेक कुलुपं. एकाचंही तोंड उघडत नाही. असे श्रोते मिळायला भाग्य लागतं.

आठव्या मिनिटाला अजून अडते. तिथून पुन्हा सुरू. सहा वेळा केलं.

१६ फेब्रुवारी

ताईला म्हटलं, ऐकायला ये, कुणीही बसू शकतं. भावोजींना विचारते म्हणाली. सत्तेचाळीस वर्षांची बाई! फोनवर मागून त्यांचा आवाज आला, कशाला, आणि तिनं घाईनं फोन ठेवला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

झालं.

छोटी खोली, लांब टेबल, पलीकडे जाड भिंगांच्या चष्म्याचे परीक्षक. मागच्या बाकावर शिकवणाऱ्या बाई. मी सुरू केल्यावर ताई आली, दाराजवळ बसली.

आठव्या मिनिटाला अडलेच. खिशातलं कुलूप काढलं, टेबलाच्या खणाच्या कडीला अडकवलं आणि सोडलं. ते हललं. मग शब्द आपोआप आले.

बोलून झाल्यावर परीक्षकांनी भिंगं पुसली. विचारलं, "तिला कुणी आत कोंडलं नसेल कशावरून?"

"चौथी ओळ म्हणते, तिच्या चपला दारात नाहीत, सर."

"हे मी कुठे वाचलेलं नाही."

"कवितेत आहे," मी म्हणाले. आवाज कापला नाही.

त्यांनी पुस्तक उघडलं. चौथी ओळ वाचली. शेवटची वाचली. पुन्हा चौथी. मग काहीतरी लिहिलं आणि जा म्हणाले.

बाहेर बाईंनी पाठीवर हात ठेवला. ताईनं मात्र एवढंच विचारलं, की कवितेतल्या त्या बाईला भीती वाटली नसेल का. वाटली असणार, म्हटलं. ती मान हलवून बसस्टॉपकडे गेली. पाचच्या आत घरी पोचायचं होतं.

२७ फेब्रुवारी

पास! शंभरात एकाहत्तर. बाबांनी दोनदा वाचायला लावलं. आनंदात एका गिऱ्हाइकाला चुकीची किल्ली कापून दिली.

२ मार्च, रविवार

सकाळी साडेसहाला ताई आली. एक बॅग, अंगावर घरातलाच गाऊन, वर शाल. "राहू का?" म्हणाली. बाबांनी काही न विचारता स्वतःचा पलंग रिकामा केला. भावोजींचे नऊ फोन वाजून गेले. दहावा मी घेतला.