मागच्या दाराजवळचं वारूळ

रविवार, संध्याकाळ. देवनहळ्ळी.

नव्या घराला रंग झाला, बागेतलं रान निघालं, पण मागच्या दाराजवळचं वारूळ तसंच आहे. गवंडी हात लावत नाहीत. शेजारच्या अक्का म्हणतात, "नागप्पाचं घर ते. तू आत्ता आलास, स्वल्प सरकून राहा." सुषमा माहेरी बाळंत झाली. फोनवर एकच, "वारूळ असेपर्यंत बाळाला आणणार नाही." तिचं तरी काय चुकतं?

आज मीच कुदळ घेऊन गेलो. वारुळावर ओलं हळदकुंकू. अक्कांना विचारलं तर हसल्या, "मी नाही रे, तुझ्या आईनं वाहिलं."

आई म्हणाली, "नातवासाठीच पूजा केली. आता तोडतोस?"

कुदळ ठेवून दिली. सुषमाला काय सांगू? मुलाला अजून मांडीवर घेतलेलं नाही.