गुडघ्यातला सूर्य

मुबारककदम आपा,

या अली मदद. तुमच्या दोन्ही हातांवर ओठ टेकवून पत्र सुरू करतो. गुडघे कसे आहेत? खोरोगच्या त्या जिन्यावरून (चौथा मजला घेऊ नका म्हणून मी सांगितलं होतं, पण धाकट्या भावाचं कोण ऐकतं) अजून रोज चढ-उतार करता का? आम्ही सगळे खुशाल. गाय खुशाल. माझ्या बायकोचा, निसोबेगीमचा, पुढचा दात पडला, पण जीभ शाबूत आहे.

गुडघ्यांवरून आठवलं. गावाची दिनगणना पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरात, हे तुम्हाला काय सांगायचं! हिवाळा सरला की समोरच्या कड्याच्या खाचेतून सूर्य कसा वर येतो ते बघून बाबा सांगायचे, आज सूर्य माणसाच्या पायाच्या नखात आला, आज घोट्यात, आज नडगीत; एकेका अवयवात तीन-तीन दिवस, आणि हृदयात पोचला की गाव बैल जुंपायचं. ज्या दगडावर बसून ते सूर्य बघायचे, तो बाबांमागे माझ्या वाट्याला आला. चाळीस वर्षं रोज सकाळी त्या गार दगडावर बसून (मूळव्याध ही त्याचीच कमाई) मी सूर्याला नखापासून डोक्यापर्यंत चढवतोय. एक दिवस इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

गेल्या साली मी अगदी हिशेबाने सूर्य हृदयात आणला, पेरणी झाली, आणि गव्हात दूध भरायच्या ऐन वेळी ओढा आटला. वरच्या हिमनदीने सगळं पाणी मे महिन्यातच उधळून टाकलं होतं. दाणे असे निघाले की कोंबड्यासुद्धा ते टिपायच्या आधी माझ्याकडे बघायच्या. यंदा तर हद्दच झाली. सूर्य गुडघ्यात, आणि झर्दाळू फुलला! मी चारचौघांत ‘सूर्य गुडघ्यात’ म्हणतोय आणि माझ्याच टोपीवर पाकळ्या पडतायत. कुर्बोनशो (तोच, लहानपणी तुमची बाहुली ओढ्यात सोडणारा) म्हणाला, “शकर, तुझा माणूस वाटेत शीरचोय प्यायला बसला की काय? उठव की त्याला!” सगळे हसले. निसोबेगीमही हसली, तोंडावर हात न धरता.

आपा, मला राग आला की सूर्याचंही काही चालत नाही. दुसऱ्या सकाळी मी दगडावरून उतरलो आणि जाहीर केलं, सूर्य हृदयात. मांडी, कंबर, पोट, सगळं एका दिवसात ओलांडलं. बैलांच्या शिंगांना तूप लागलं, गावाचं अर्धं बियाणं जमिनीत गेलं. कोंब बोटभर वर आले आणि गुडघाभर बर्फ पडला. (गुडघ्यात काहीतरी असायचंच होतं.) मागून चार दिवस असा कडाका पडला की सगळे कोंब काळे होऊन आडवे झाले.

कोणी एका शब्दाने बोललं नाही, हेच मला लागलं. शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन दिल्या असत्या. कुर्बोनशो आला आणि म्हणाला, “उरलेलं बियाणं तुझ्या शब्दासाठी ठेवलंय, शकर. या वेळी जरा जपून चढव.” हेही गेलं तर वर्षभर गावाने ट्रकवरच्या पिठाची वाट बघायची, आणि उरलीसुरली तरणी माणसं मॉस्कोला रस्ते झाडायला जाणार. मला भीती वाटते, आपा. सूर्य चुकत नाही. मी पुन्हापुन्हा पाहिलं, तो बाबांच्या वेळी यायचा तसाच त्याच खाचेत येतो. जमीनच त्याचं ऐकेनाशी झाली आहे.

हवामान कचेरीवर माझा काडीचा विश्वास नाही, हे तुम्ही जाणताच. तुमची सून नेकबख्त तिथे नोकरीला, म्हणून तिच्या लग्नात भर जेवणात मी म्हणालो होतो की ढग मोजायला पगार मिळतो, तर मला शेळ्या मोजायला द्या. त्या मतावर मी आजही ठाम आहे. बाकी सगळं ठीक.

तुमचा धाकटा,
शकरममद

ता. क. ड्रायव्हरबरोबर सुक्या तुतीच्या दोन पिशव्या पाठवल्या आहेत. लहान तुमची. मोठी नेकबख्तची, तिच्यात अक्रोडही आहेत, फोडून सोललेले.

ता. क. २. ते शेळ्यांचं मी गमतीने बोललो होतो असं तिला सांगा. आणि सहजच, दुसरा विषय नसेल तेव्हा, विचारा की अजून थंडी उरली आहे का, आणि पेरायला कुठला दिवस बरा. तिने दिवस सांगावा, त्या दिवशी सूर्याला हृदयात आणणं माझ्याकडे लागलं. फोनच केला असता, पण आमच्या घरातला फोन अख्ख्या गावाला ऐकू जातो. कोणाला कळता कामा नये. निसोबेगीमला तर मुळीच नाही.

ता. क. ३. आपा, मी निसोबेगीम. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं. कोंब गेल्यापासून आम्ही सगळ्या बायका नेकबख्तला रोज फोन करतोय. येता मंगळवार सोडून पुढचा, असं तिने सांगितलंय. (कुर्बोनशोनेही विचारलं, दोनदा.) पण पोत्याची दोरी कोणी सोडायला तयार नाही. यांनी दगडावरून उतरून सांगितल्याशिवाय पेरायचं नाही, असं सगळ्यांचं ठरलंय. तेव्हा नेकबख्तला म्हणावं, यांना लवकर कळव. आणि कळवताना, यांनाच पहिल्यांदा सांगतेय अशा आवाजात सांग.