फळी कुणी उंच केली

किल्लारी,
१० जानेवारी २०२४

चि. शिवमला मोठ्याईचे पोटभर आशीर्वाद.

हाताचं प्लास्टर निघालं, म्हणून पहिलं पत्र तुलाच. फोनवर तू काय बोलतोस ते मला धड ऐकू येत नाही, नुसती माशी गुणगुणल्यासारखं होतं. पत्र कसं, चार वेळा वाचता येतं.

आधी भांडण. दिवाळीला घराला रंग देताना स्वयंपाकघरातली फळी तू उंच करून घेतलीस ना? माझ्याच घरात, मला न विचारता? तिळाचा डबा आता हाताला येत नाही, पाट घ्यावा लागतो. शेजारची कोंडाबाई हसते. म्हणते, फळी हाय तिथंच हाय. तिला काय कळतंय!

अंगणात नुसती घसरले तर मनगट मोडलं, त्यावरून लातूरच्या डॉक्टरांनी हाडं पोकळ झाली असं सांगितलं. गोळ्या दिल्यात. मी उन्हात बसते, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, राजगिरा सगळं खाते. मशेरीही सोडली, आता तरी खूश हो. दूध-दही घ्या म्हणाले, पण ते मला चालत नाही, तुला ठाऊकच आहे. सृष्टीला तिच्या या आजीची पापी दे. म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मोठ्याई


नांदेड,
२३ जानेवारी २०२४

ती. मोठ्याईस शिवमचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फळीला कुणी हात लावलेला नाही गं. दिवाळीला फक्त रंगारी आला होता, गवंडी नाही. तुझे कागद घेऊन मी इथल्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, हाडं ठिसूळ झाली की मणके दबत जातात आणि माणूस हळूहळू बुटकं होतं. फळी वर गेली नाही मोठ्याई, तू खाली आलीस. हे लिहिताना मला रडू आलं. आई गेल्यावर तुझ्या कमरेवर बसूनच मी सगळं गाव पाहिलं, आणि मला तू अजून तेवढीच उंच दिसतेस.

पाटावर अजिबात चढू नकोस. डबा खाली ओट्यावर ठेव. सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालत जा. गोळी चुकवू नकोस. सिंधु नाचणीचं पीठ पाठवते आहे, त्याच्या भाकरी खायच्या असा तुझ्या सुनेचा हुकूम आहे. आणि दूध नको तर नको, निदान ताक तरी घे. सृष्टी रोज पेलाभर दूध पिते आणि पांढऱ्या मिशा घेऊन घरभर फिरते. तुझ्याकडे यायचं म्हणून नाचते आहे. आशीर्वादाचा हात असाच राहू दे.

तुझा,
शिवम


नांदेड,
२ एप्रिल २०२४

ती. मोठ्याईस, मुक्काम लातूर, शिवमचा नमस्कार.

शेवटी त्या पाटावरून पडलीसच. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर तुला चतुराआत्याकडे ठेवून नोकरीवर परत यावं लागलं, इकडे कशात जीव लागत नाही. तुझी लुगडी आणायला किल्लारीला गेलो, तर देव्हाऱ्यामागे गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. एकही फोडलेली नव्हती. लुगडी द्यायला आलो तेव्हा आत्याला बाजूला घेऊन विचारलं. तिने तोंडाला पदर लावला आणि मग सगळं सांगितलं.

भूकंपाच्या पहाटे माझी आई, म्हणजे तुझी धाकटी जाऊ, आणि तुझी उशिरा झालेली तान्ही मुलगी, दोघी ढिगाऱ्यात गेल्या. दहा महिन्यांचा मी तेवढा निघालो, तोही धुगधुगी उरलेला. तू मला अंगावर पाजलंस आणि देवाला शब्द दिलास, की हे लेकरू जगू दे, जन्मात दूध-दह्याला तोंड लावणार नाही. म्हणून चालत नाही होय? आणि गोळ्या पांढऱ्या, म्हणजे दुधाच्या पावडरीच्या, असं तुला वाटलं. अगं, त्या चुन्याच्या जातीच्या असतात. पानाला चुना लावून जन्मभर खाल्लास की. एका शब्दाने विचारायचंस.

माझ्यासाठी तू आतून रिकामी होत गेलीस आणि मला पत्ता नाही. मला तुझा राग आला आहे. आता माझंही ऐक. तू दारापर्यंत चालत येईस्तोवर मीही दूध सोडलं. चहा कोरा. माझं बघून सृष्टीनेही पेला बाजूला सारला आहे. रागावलीस तरी चालेल, पण उत्तर पाठव.

तुझा,
शिवम


लातूर,
९ एप्रिल २०२४

चि. शिवमला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जीव जळला. नवस म्हणजे काय पोरखेळ आहे? आणि लेकराला त्यात कशाला ओढलंस? हाडांत भर पडायचं तिचं वय आहे. या वयात जे साठेल तेच पुढे पुरतं, हे मला डॉक्टरांनीच सांगितलंय. गोळ्यांचं माझं चुकलं. विचारायची लाज वाटली. आता घेते.

काल सकाळी चतुरावन्संना वाटीभर दूध मागितलं. देवाला म्हटलं, आपलं ठरलेलं मी मोडते आहे, राग धरायचा तर माझ्यावर धर, माझ्या पोरावर नको. दोन घोट घेतले. माझ्या तान्हीच्या तोंडाला यायचा तोच वास. तिच्यासाठी मी कधी रडले नव्हते, तू मांडीवर होतास ना. ते काल रडले. वन्संना वाटलं खुबा दुखतोय.

डॉक्टर वन्संना बाहेर नेऊन बोलले. माझे कान गेलेत, डोळे नाहीत. वन्सं आत आल्या तेव्हा त्यांच्या तोंडाकडे पाहून समजले, मी आता दारापर्यंत काही येत नाही. म्हणून तुझी अट सुटली असं मीच सांगते. आज बापलेकी दोघं दूध प्या. आणि ती फळी खाली घे, सृष्टीच्या हाताला येईल एवढी. सुट्टीत येईल तेव्हा तिचा पेला तिथं ठेवू.

आणखी एक. दूध प्यायल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. दार वाजलं की वाटतं, तुझंच काही वाईट सांगायला कुणी आलं. गाडी हळू चालव, गोदावरीच्या पाण्यात उतरू नकोस. हे पत्र मिळताच बरा आहे एवढंच लिहून पाठव. फोन नको, फोनवर कुणीही बोलतं. मला तुझं अक्षर बघायचंय.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी मोठ्याई