दोन फोन जोडले आहेत

सोमवार, ३ फेब्रुवारी

आले बाई एकदाची! खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी रस्त्याकडे, आणि नळाला पाणी इतक्या जोराचं की तोंड धुवायला गेले आणि अंघोळ करून आले. नोकरीही बरी दिसते. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानाची यंत्रं विकणारं दुकान आहे. मी घरोघर जाऊन ती यंत्रं नीट बसवून द्यायची, आवाज ज्याच्या त्याच्या कानाला जुळवून द्यायचा. त्यासाठी दुकानाची छोटी पांढरी गाडी कायम माझ्याकडे. मालकीणबाईंनी किल्लीबरोबर एक चपटी काळी डबीही दिली. गाडीत डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून झडप असते ना, तिला ती चिमट्याने लावायची. मग फोन पर्समध्ये राहिला तरी बोलणं, गाणी, सगळं डबीतून. चालू केली की आतली बाई गोड आवाजात सांगते, ‘फोन जोडला आहे.’ मीही तिला ‘बरं झालं’ म्हणून टाकलं. वाटेभर गाणी लावली आणि बेसूर गळा काढला. ऐकायला होतं कोण!

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज पाच घरं केली. एका म्हाताऱ्या बँडमास्तरांना यंत्र घातल्यावर कित्येक वर्षांनी बायकोचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि यंत्र हळूच काढून खिशात टाकलं. त्यांच्या बायकोसकट आम्ही सगळे हसून हसून बेजार.

आईशी आता रोज बोलणं होतं. ती पाच तासांच्या अंतरावर, एकटी. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे टीव्ही नाही, वाचन नाही, फोन हाच विरंगुळा. पूर्वी मी काहीतरी निमित्त काढून दोन मिनिटांत गुंडाळायचे. आता हात स्टिअरिंगवर, पळणार कुठे? ती बोलते, मी हं हं करते. आज मध्येच म्हणाली, शेजारी कोण बसलंय, छान गुणगुणतंय. म्हटलं, कुणी नाही गं, इंजिन असेल.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळी डबी चालू केली तर बाई म्हणाली, ‘दोन फोन जोडले आहेत.’

माझा एकच आहे. सोबतच्या पुस्तिकेत पाहिलं. एका वेळी दोन जोडता येतात, पण दुसरा दहा मीटरच्या आत हवा. वाटलं, सिग्नलला थांबले होते, शेजारच्या गाडीतला असेल. म्हणून गावाबाहेर मोकळ्या रस्त्यावर थांबून पुन्हा चालू केली. दोन. सीटखाली, डिकीत, स्टेपनीच्या खाली हात घालून पाहिलं. एक कंगवा सापडला, तोही माझाच.

मालकीणबाई म्हणाल्या, डबी कोरी आहे, खोकं मीच फोडलं. नवीन वस्तू अशाच नखरे करतात.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

एका आजींनी दारातच माझा हात धरला. फोनवर किती मायेने बोललीस, म्हणाल्या. मी त्यांना फक्त ‘चारला येते’ एवढंच म्हटलं होतं.

आणि संध्याकाळी आई रडत होती. काल सांगितलंस ते बरं केलंस, म्हणाली. काय सांगितलं, ते विचारायचा धीर होईना. तिनेच सांगितलं. बाबा गेले त्या संध्याकाळी माझा फोन बंद नव्हता. मी कंटाळून उचलला नव्हता. इतकी वर्षं मनात ठेवून कुढत बसलीस, मला राग नाही बाळा, म्हणाली.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. या वहीतही कधी लिहिलेलं नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

शहानिशा केली.

भर दुपारी एका मैदानाच्या कडेला गाडी उभी केली. इंजिन बंद, काचा वर. दुकानातलं आवाज मोजायचं यंत्र शेजारच्या सीटवर ठेवलं. पस्तीस, म्हणजे शांतता. आईला फोन लावला आणि तोंडावर हात दाबून गप्प बसले.

आई हॅलो म्हणाली. थांबली. मग हसली. “हो ना, मी तरी दुसरं काय म्हणते?” परत थांबली. ती थांबली तरी यंत्रावरचा आकडा खाली यायचा नाही. पंचावन्न. साठ. शेजारी बसून माणूस बोलतं तितका. मला काहीही ऐकू येत नव्हतं. बारा मिनिटं. आई इतकी खूश कधी नव्हती. माझ्याशी तर कधीच नव्हती.

डबी दुकानाच्या कपाटात टाकून कुलूप लावलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

फोन थेट कानाला लावून आईशी बोलले. ती नुसती हॅलो हॅलो करत राहिली. आवाज येत नाही गं, गाडीतून लाव, म्हणाली.

मालकीणबाईंना तीन हाका मारल्या तेव्हा त्यांनी मान वर केली. त्यांचे कान तपासून घेतले. ठीक आहेत. मग आवाज मोजायच्या यंत्रासमोर उभी राहून मोठ्याने स्वतःचं नाव घेतलं.

आकडा पस्तीसवरून हलला नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

फोनच्या यादीत आई. सकाळी सात वाजता, चाळीस मिनिटं. तेव्हा मी अंघोळीला—

खाली जाऊन पाहिलं. डबी झडपेवर आहे.

आईला फोन लावला. ती म्हणाली, कोण? तूच का? तिकीट काढलंय, उद्या साडेअकराला पोचते. इतका आग्रह केलास, आता न्यायला वेळेवर ये. मी किंचाळले, येऊ नकोस. “अगं बोल ना, मघाशी तर थांबत नव्हतीस.”

मेसेज पाठवले. तिला वाचता येत नाहीत.

रविवार, १६ फेब्रुवारी

स्टँडच्या बाकावर बसून लिहितेय. किल्ली माझ्या पर्समध्ये, पण सकाळी गाडी खाली नव्हती. पळत आले. बस येऊन गेलेली.

चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला ऐकू जाईना. या वहीचं पान फाडून लिहून दाखवलं, माझी आई कुठे? तो चक्रावला. म्हणाला, आत्ता तुम्हीच नाही का त्यांना गाडीत बसवून गेलात?

फोन लावलाय. आईने उचलला. गाडीचा आवाज. “नुसतंच कुणीतरी श्वास घेतंय गं.” आणि मग पहिल्यांदा मला ती ऐकू आली. माझाच आवाज. “असू दे आई, कुणी नाही.”

फोन अजून चालू आहे. आई विचारतेय, खोली इतकी लांब? ती दुसरी हसतेय. माझ्याहून छान हसते.

आई आता हळूच विचारतेय, अगं, बोलताना तुझं तोंड का हलत नाही—

गाडी थांबली. दार उघडत नाहीये म्हणते. आई मला हाक मारतेय, तिला नाही, मला, फोनवरच्या मला— मी ओरडतेय, सगळा स्टँड समोर आहे, एकानेही वळून—